बोगस मत आणि बुडालेले मत

२०२५ च्या दिवाळीनंतर मतदार यादी हा महाराष्ट्रात नाक्यानाक्यावरचा विषय झाला. १ नोव्हेंबरला मुंबईत 'सत्याचा मोर्चा' निघाला. शरद पवार, उद्धव ठाकरे आणि राज ठाकरे एकाच मागणीसाठी रस्त्यावर आले: याद्यांमधली दुबार आणि बोगस नावे आधी काढा, मग निवडणुका घ्या. काही दिवसांतच राज्य निवडणूक आयोगाने जाहीर केले की, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या याद्यांत संभाव्य दुबार नावापुढे दोन तारे छापले जातील आणि असा मतदार कोणत्या केंद्रावर मत देणार हे त्याला आधी विचारले जाईल. त्याच वर्षी बिहारमध्ये बरोबर उलटी तक्रार होती. यादी साफ करण्याच्या नावाखाली खऱ्या मतदारांची नावे कापली, असे तिथले विरोधक म्हणत होते आणि सत्ताधारी यादीतल्या घुसखोरांबद्दल बोलत होते. महाराष्ट्रात यादीवर शंका घेणारा पक्ष बिहारमध्ये तिथल्या यादीची राखण करत होता, आणि एकीकडे यादी निर्दोष आहे म्हणणारे दुसरीकडे ती सडलेली आहे असे सांगत होते.

पक्षांची बाजू राज्यागणिक बदलत असेल, तर प्रश्न पक्षांकडून काढून घेऊन स्वतंत्रपणे तपासावा लागतो. निवडणुकीला जास्त धोका कशाचा? ज्याला हक्क नाही त्याने मत टाकण्याचा, की ज्याला हक्क आहे त्याचे मत बुडण्याचा?

हा प्रश्न प्रजासत्ताकाहून जुना आहे. १५ जून १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी निवडणूक आयोगासंबंधीच्या कलमाला मोठी दुरुस्ती मांडली. मूळ मसुद्यात प्रांतांसाठी वेगवेगळ्या आयोगांची तरतूद होती. ती मोडून सगळा कारभार एका केंद्रीय आयोगाकडे का द्यायचा, याचे कारण त्यांनी स्पष्ट सांगितले. काही प्रांतांमधली सरकारे वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने वेगळ्या असलेल्या लोकांना मतदार यादीबाहेर ठेवण्याची व्यवस्था करत आहेत, अशा तक्रारी मसुदा समितीकडे आल्या होत्या. आजचे कलम ३२४ आणि इतका शक्तिशाली निवडणूक आयोग या तक्रारींमुळे आला. बोगस मतदाराची धास्ती त्यामागे नव्हती. नाव वगळले जाण्याची होती. आयोगाच्या प्रत्येक अधिकाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी असे मला मनापासून वाटते.

पण माणसे बाहेर ठेवायला दुष्ट हेतूच लागतो असे नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची यादी तयार होत होती तेव्हा, विशेषतः उत्तर भारतात, लाखो स्त्रियांनी आपले नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको अशीच नोंद त्यांनी करवून घेतली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. स्त्रीला तिच्या स्वतःच्या नावाने नागरिक मानायचे, हा त्यामागचा विचार उदात्तच होता. परिणाम असा झाला की सुमारे १७ कोटी ३० लाखांच्या यादीतून जवळपास २८ लाख स्त्रिया गळाल्या. पुढच्या निवडणुकांत त्यातल्या बऱ्याच जणी आल्या, पण १९५१-५२ चे मत त्यांना पुन्हा मिळायचे नव्हते.

दुसरी बाजूही तेवढीच जुनी. १९५७ साली बिहारमधल्या आजच्या बेगुसराय जिल्ह्यातील रचियाही या गावी मतदान केंद्र बळकावले गेले. देशातली अशी पहिली घटना म्हणून तिचा उल्लेख होतो. पुढची तीन दशके हा प्रकार इतका वाढला की १९८९ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात केंद्र बळकावण्याची व्याख्या घालून त्यासाठी वेगळी शिक्षा ठेवावी लागली. या प्रकाराकडे नीट पाहिले तर आपला प्रश्न जरा वेगळा दिसू लागतो. केंद्र बळकावणारे लोक हवेतून मते आणत नव्हते. ते दलित वस्तीतल्या माणसांना वाटेतच अडवत, 'तुमचे मत पडले, घरी जा' म्हणून सांगत आणि त्यांच्याच नावावर शिक्के मारत. कागदावर ते बोगस मतदान होते आणि वस्तीच्या बाजूने पाहिले तर मतदानबंदी. गुन्हा एकच होता.

या गुन्ह्यावर आपण बऱ्याच अंशी मात केली आहे. म्हैसूरच्या कारखान्यातली न पुसणारी शाई १९६२ पासून बोटाला लागते आहे. टी. एन. शेषन यांनी १९९३ पासून छायाचित्र असलेले ओळखपत्र आणले. मतदान टप्प्याटप्प्याने आणि केंद्रीय दलांच्या पहाऱ्यात होऊ लागले. मतदान यंत्रामुळे तासाभरात मतपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर शिक्के मारून त्या पेटीत कोंबणे संपले. (यंत्रांच्या विश्वासार्हतेचा वाद हा स्वतंत्र विषय आहे, तो इथे घेत नाही.) आज दुसऱ्याच्या नावाने मत टाकायला जाणाऱ्याला पक्षांच्या पोलिंग एजंटांसमोर उभे राहावे लागते. त्यांच्याही हातात यादी असते, त्यांतले बरेचसे त्याच वॉर्डातले असतात आणि दोन रुपये भरून ते त्या माणसावर आक्षेप घेऊ शकतात. तरीही कोणी खऱ्या मतदाराचे मत आधीच टाकून गेले असेल तर त्या मतदाराला रिकाम्या हाताने परत पाठवता येत नाही. त्याला कागदी मतपत्रिका मिळते, ती प्रदत्त मत म्हणून वेगळ्या पाकिटात सीलबंद होते आणि न्यायालयाने मागितली तरच उघडते.

असे एकेकटे बोगस मत क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. २००८ साली राजस्थानातल्या नाथद्वारात सी. पी. जोशी एका मताने हरले, तेही मुख्यमंत्रिपदाच्या शर्यतीत असताना. पण हजारोंच्या फरकाने लागणारा निकाल अशा सुट्या तोतयांकडून फिरवायचा तर शेकडो माणसे, शेकडो ओळखपत्रे आणि शेकडोंचे मौन लागते. त्यापेक्षा टेबलाशी बसून यादीतच हात घालणे सोपे. गेल्या काही वर्षांतली लढाई म्हणूनच केंद्रावरून यादीकडे सरकली आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचे प्रकरण घ्या. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी तिथे नव्या नोंदणीचे हजारो ऑनलाइन अर्ज आले. छाननीत त्यातले ६,८०० हून अधिक खोटे निघाले आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे हे अर्ज वेळीच बाद झाले, विरोधकांना ते पटलेले नाही. कर्नाटकातल्या आळंदमध्ये प्रकार उलटा होता. तिथे २०२३ च्या निवडणुकीआधी नावे वगळण्याचे ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले आणि पडताळणीत त्यातले फक्त २४ खरे ठरले. विरोधी पक्षाने सांगितले त्याप्रमाणे एका मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला (बीएलओ) आपल्याच काकांचे नाव वगळण्याचा अर्ज दिसला म्हणून हे बाहेर आले. अर्जदार म्हणून शेजाऱ्याचे नाव होते आणि शेजाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. राजुऱ्यात खोटेपणाचा उपयोग नावे घुसवण्यासाठी झाला, आळंदमध्ये खरी नावे पुसण्यासाठी. अर्जदाराचे नाव खोटे, मोबाइल क्रमांक परका, आणि परिणाम म्हणजे मतदाराचे मत बुडणे. याला फसवणूक म्हणायचे की मतदानापासून रोखणे? आळंदपुढे ही दोन नावे वेगळी राहत नाहीत.

मात्र घाणेरडी यादी आणि बोगस मतदान यांत मोठे अंतर आहे, आणि आपल्या चर्चेत ते रोज पुसले जाते. यादीचे एखादे पान समोर धरून पाहा. चौकोनांत नावे, पुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय, लिंग, कोपऱ्यात तीन अक्षरे आणि सात आकडे असलेला ओळखपत्र क्रमांक. वगळलेल्या नावावर आडवा शिक्का. एखाद्या गावच्या यादीत वडिलांच्या नावाने लागलेली मुलगी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात जाते. तिथे तिचे आडनाव बदलते, कधी पहिले नावही बदलते, आणि सासरच्या पत्त्यावर नव्याने नोंद होते. माहेरची नोंद काढायला अर्ज क्रमांक सात भरावा लागतो. तो कोण भरणार? वडिलांच्या मनातही येत नाही. संगणकाला ती दोन बायका दिसते, आरोप करणाऱ्याला दोन मते. तिचे बोट मात्र एकच असते आणि मतदानाच्या दिवशी ती एकाच गावात असते. घर क्रमांकाच्या जागी शून्य असलेल्या नोंदींचेही असेच. झोपडपट्टीत, पारधी वस्तीवर, नव्याने वाढलेल्या गुंठेवारीत घराला नंबरच नसतो. जे चिन्ह एका वाचकाला लबाडीचे वाटते ते दुसऱ्याला दारिद्र्याचे दिसते, आणि जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय दोघांनाही खात्रीने बोलता येत नाही. ओळखपत्राचा एकच क्रमांक दोन राज्यांतल्या मतदारांना दिला गेल्याचे आयोगानेच २०२५ च्या मार्चमध्ये मान्य केले. जुन्या काळी राज्ये आपापले क्रमांक देत आणि त्यातल्या काहींनी एकच मालिका वापरली, हे त्याचे कारण.

म्हणून यादी आहे तशी राहू द्यावी असे नाही. मेलेल्यांची आणि दुबार नावे ही संघटित लबाडीसाठी आयता कच्चा माल असतात, आणि जिथे एजंट एकाच पक्षाचे उरतात तिथे तो वापरला जातो. यादी साफ करावीच लागते. मुद्दा एवढाच की प्रत्येक झाडणीत काही जिवंत माणसे निघून जातात, आणि झाडू किती जोरात मारायचा हे ठरवताना आपण त्यांना मोजतच नाही.

एप्रिल २०१४ मध्ये पुण्यात हजारो लोक केंद्रावरून परत फिरले. वर्षानुवर्षे मत देणारे लोक, हातात ओळखपत्र, आणि यादीत नाव नाही. आठवड्याभराने मुंबईत तेच झाले. एचडीएफसीचे दीपक पारेख आणि अभिनेते अतुल कुलकर्णी यांच्यासारखी माणसेही वगळली गेली म्हणून त्याची बातमी झाली आणि निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी माफी मागितली. २०१८ च्या डिसेंबरात तेलंगणात बॅडमिंटनपटू ज्वाला गुट्टा यांना मतदानाच्या दिवशी आपले नाव सापडले नाही. तिथेही मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी क्षमा मागितली. माफीने सौजन्य दिसले, पण ती निवडणूक त्या लोकांच्या मताशिवायच झाली. प्रसिद्ध माणसाच्या बाबतीत निदान आवाज तरी उठतो. धारावीतल्या किंवा येरवड्यातल्या बाईचे नाव गेले तर ती दिवसाची मजुरी वाचवायला सरळ कामावर निघून जाते.

आसामात याहून कठोर प्रकार आहे. १९९७ पासून तिथे लाखोंच्या नावापुढे 'संशयित' अशी खूण लागली. खूण लागली की मत नाही, आणि ती पुसून घ्यायची तर परकीय नागरिक न्यायाधिकरणापुढे आपणच सिद्ध करायचे. नागरिकत्व नोंदवहीच्या २०१९ च्या अंतिम यादीतून १९ लाख माणसे बाहेर राहिली.

बिहारचे विशेष सखोल पुनरीक्षण याच परंपरेतले, पण आकाराने कितीतरी मोठे. २४ जून २०२५ ला त्याचा आदेश निघाला. त्या वेळी यादीत ७ कोटी ८९ लाख नावे होती. महिनाभरात प्रत्येकाने नवा अर्ज भरायचा आणि २००३ च्या यादीत नाव नसेल तर अकरांपैकी एखादे कागदपत्र जोडायचे. आधार, शिधापत्रिका आणि आयोगाचेच ओळखपत्र त्या अकरांत नव्हते. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून ६५ लाख नावे गेली: सुमारे २२ लाख मृत, ३६ लाख कायमचे स्थलांतरित किंवा न सापडलेले, ७ लाख दुबार. ज्या घुसखोरांसाठी इतका गाजावाजा झाला होता त्यांचा या वर्गवारीत रकानाच नव्हता. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयात योगेंद्र यादव यांनी दोन माणसे उभी केली, जी प्रारूप यादीप्रमाणे हयात नव्हती. दोन दिवसांनी न्यायालयाने वगळलेल्या सर्व ६५ लाखांची नावे कारणांसह प्रसिद्ध करायला सांगितले आणि सप्टेंबरमध्ये आधारही मान्य करायला लावले. अंतिम यादीत ७ कोटी ४२ लाख नावे राहिली. वगळलेल्यांपैकी बहुसंख्य नोंदी खरोखर मृतांच्या किंवा गाव सोडून गेलेल्यांच्या असतील, हे मला मान्य आहे. पण ती नावे कारणांसह जाहीर करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, हे मान्य होण्यासारखे नाही. त्यानंतरच्या टप्प्यात बारा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश आले. गोवाही त्यात होता, आणि कामासाठी परदेशी किंवा जहाजावर असलेल्या गोवेकरांच्या कुटुंबांना 'न सापडलेले' या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

खरा वाद इथे येऊन ठेपतो: सिद्ध कोणी करायचे? लाल बाबू हुसेन खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले आहे. ते प्रकरण दिल्ली आणि मुंबईतल्या वस्त्यांमध्ये वाटलेल्या, नागरिकत्व सिद्ध करा म्हणणाऱ्या नोटिसांवरून उभे राहिले होते. ज्याचे नाव एकदा रीतसर यादीत आले आहे तो नागरिक आहे असेच धरून चालायचे, ज्याला शंका आहे त्याने पुरावा द्यायचा, असे न्यायालयाने म्हटले. हे तत्त्व बिहारमध्ये उलटे केले गेले, हा माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. यादी साफ करणे हे सरकारी काम आहे. त्याचा बोजा भागलपूरहून सुरतला गेलेल्या कामगाराच्या डोक्यावर टाकला गेला.

अमेरिकेत हाच वाद गेली वीस-पंचवीस वर्षे हमरीतुमरीने चालला आहे, आणि तिथे मोजमाप बरेच झाले असल्याने तिकडे पाहणे उपयोगी ठरते. कॅन्सस राज्याने २०१३ पासून नोंदणीसाठी नागरिकत्वाचा कागद सक्तीचा केला. खटल्यात दोन आकडे समोर आले. एकोणीस वर्षांत नोंदणी झालेले परकीय सिद्ध झाले ३९. कागदाअभावी अडकलेले अर्जदार ३१ हजारांवर. २०१८ मध्ये न्यायाधीश ज्युली रॉबिन्सन यांनी कायदा रद्द केला. फसवणूक तिथे नसतेच असेही नाही. त्याच वर्षीच्या निवडणुकीत नॉर्थ कॅरोलिनाच्या नवव्या मतदारसंघात टपाली मतपत्रिका गोळा करणाऱ्या एका टोळीमुळे ९०५ मतांची आघाडी असलेला निकाल प्रमाणित न करता पुढे फेरनिवडणूक घ्यावी लागली. सापडली ती फसवणूक टपाली मतांत होती, आणि वाद मात्र केंद्रावरच्या ओळखपत्रावर रंगत राहिला.

दुसऱ्या बाजूलाही तिथल्या अभ्यासाने एक अडचणीचा निष्कर्ष दिला आहे. कांतोनी आणि पोन्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ ते २०१८ च्या माहितीवरून दाखवले की ओळखपत्राच्या कडक कायद्यांमुळे एकूण मतदान फारसे घटले नाही, आणि फसवणूकही कमी झाली नाही. ओळखपत्र मागितले की गरीब बाहेर पडलाच, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी याची दखल घ्यायला हवी. भारतात ओळखपत्र घरोघर पोहोचवले गेले आणि त्याला पर्याय म्हणून इतर कागदही चालतात, म्हणून आपल्याकडे ते काचले नाही. केंद्रावर ओळख दाखवणे आणि यादीत राहण्यासाठी नागरिकत्व सिद्ध करणे या एकमेकींपासून फार दूरच्या मागण्या आहेत.

अमेरिकेतली एक सोय मात्र आपल्याकडे नाही. २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात झालेल्या गोंधळानंतर २००२ च्या कायद्याने तिथे तात्पुरत्या मतपत्रिकेची तरतूद केली. यादीत नाव सापडले नाही तरी मतदार मत देऊन जातो, पाकीट बाजूला राहते आणि हक्क पडताळल्यावर मोजले जाते. त्यामुळे अशी पाकिटे किती आणि त्यातली ग्राह्य किती हे कळते. आपल्याकडे मत देणाऱ्याची नोंद आहे, आक्षेपित मताची आहे, प्रदत्त मताची आहे. नाव नाही म्हणून परत गेलेल्याची नोंद कुठेही होत नाही. केंद्राध्यक्षाच्या डायरीत त्याच्यासाठी रकाना नाही. बोगस मताचा निदान पुरावा उरतो: शाई, सही, नोंदवही. बुडालेल्या मताचा काहीच उरत नाही. कोणता धोका मोठा यावर आपण भांडत राहतो त्याचे एक कारण हेच की यातला एकच धोका आपण मोजतो.

आणि बुडालेली मते फक्त वगळलेल्या नावांची नसतात. २०१९ मध्ये तीस कोटींहून अधिक मतदारांनी मत दिले नाही आणि देशांतर्गत स्थलांतर हे त्याचे एक ठळक कारण आहे, असे आयोगानेच म्हटले होते. त्यासाठी दूरस्थ मतदान यंत्राचे प्रात्यक्षिक जानेवारी २०२३ मध्ये ठरले, पण पक्षांचे एकमत झाले नाही आणि विषय मागे पडला. महाराष्ट्रात याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. २०२४ मध्ये साखर कारखान्यांचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू करायचे ठरले आणि विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. उचल घेतलेले ऊसतोड जोडपे बीडहून सांगली-कोल्हापूरच्या फडात पोहोचलेले असले, तर मुकादम एका दिवसासाठी त्यांना सोडत नाही आणि भाड्याचे पैसे त्यांच्याकडे नसतात. त्यांचे नाव यादीत असते, ओळखपत्र खोपीत असते. इथे कोणी फसवणूक केलेली नाही, तरी एका अख्ख्या व्यवसायाचे मत घटते. ती नावे गावात 'स्थलांतरित' म्हणून कापायला घेतली जातात तेव्हा हा अन्याय पुरा होतो.

माझा कौल मी लपवत नाही. आजच्या भारतात बुडणाऱ्या मताचा धोका मोठा आहे. तो एका आदेशाने लाखोंवर पडतो, तो सरकारी हाताने होतो, आणि तो नेहमी त्याच लोकांच्या वाट्याला येतो: भाडेकरू, मजूर, नव्याने सासरी गेलेल्या मुली, भटके. बोगस मतदानाची भीती ही बहुतेक वेळा त्यांना वगळण्याचे समर्थन म्हणून वापरली गेली आहे. पण यादीत घाऊक नावे घुसवण्याचा आरोप मी त्याच तराजूत हलका धरत नाही. तो तपासायचा मार्ग खुला असायला हवा, आणि इथे आयोगाची वागणूक समजत नाही. याद्या शोधता येतील अशा स्वरूपात द्यायला आयोग तयार नाही. पानांची चित्रे देतो. २०१८ मध्ये कमलनाथ यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका मान्य केली. खासगीपणाचे कारण खोटे नाही, पण नोंदणीकृत पक्षांना अटी घालून अशी यादी देता येईल. दुबार नावे शोधायला ज्यांना रस आहे त्यांच्या हातात साधन नाही आणि आयोग म्हणतो, पुरावा आणा.

कायदा दोन्ही बाजूंना शिक्षा सांगतो, हेही क्वचितच बोलले जाते. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे खोट्या निवेदनाला एक वर्षापर्यंत कैद आहे. कलम ३२ प्रमाणे यादीच्या कामात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला किमान तीन महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षे. फरक असा की कलम ३२ चा खटला आयोगाच्या किंवा मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या आदेशानेच उभा राहू शकतो. २०१४ मध्ये पुण्यातून परत गेलेला मतदार तो स्वतः उभा करू शकत नव्हता.

तात्पुरत्या मतपत्रिकेसाठी संसदेला कायदा बदलावा लागेल, कारण यादीत नाव नसलेल्याला आज मताचा हक्कच नाही. त्याला वेळ लागेल. केंद्राध्यक्षाच्या डायरीत आणखी एक रकाना घालायला आयोगाचे एक परिपत्रक पुरते: ओळखपत्र दाखवले, नाव सापडले नाही, किती जण. तो पुढच्या निवडणुकीपासून भरता येईल, आणि संध्याकाळी एजंटांच्या सहीने बंद करता येईल.